घटक ४ : रेव्हरंड नारायण वामन टिळक – श्रद्धा, नीती आणि कुटुंब

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• ना. वा. टिळकांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या धर्मांतराचा कुटुंबावर झालेला परिणाम स्पष्ट करता येईल.
• मराठी भक्तिपरंपरा आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची त्यांनी घातलेली सांगड उलगडून दाखवता येईल.
• श्रद्धा आणि कौटुंबिक निष्ठा यांच्यातील ताणाविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, महाड–पोलादपूरकडून दक्षिणेला निघालेला प्रवासी कशेडी घाट ओलांडतो आणि रायगड जिल्हा मागे टाकून रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात उतरतो. आता घाटाऐवजी बोगद्यातूनही जाता येते. खेडहून पुढे दापोली तालुका लागतो. या तालुक्याने महाराष्ट्राला दोन टिळक दिले. एक लोकमान्य बाळ गंगाधर टिळक. त्यांचे मूळ गाव चिखलगाव. दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म करजगावचा. दोघे समकालीन, दोघेही चित्पावन ब्राह्मण कुळांतील. आडनावाच्या साम्यामुळे विद्यार्थ्यांचा पुष्कळदा गोंधळ होतो, म्हणून हा भेद आरंभीच लक्षात ठेवावा.

ना. वा. टिळक शालेय पुस्तकांतून आपल्याला फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात. ती ओळख खरी असली तरी अपुरी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या थोड्या उच्चवर्णीय मराठी विद्वानांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांत टिळक होते. या स्वीकारापायी त्यांचे घर मोडले आणि काही वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले. श्रद्धा ही व्यक्तीची, पण संसार दोघांचा. अशा वेळी एकाच्या श्रद्धेने दुसऱ्यावर किती अधिकार सांगावा, हा प्रश्न टिळकांच्या आयुष्यात प्रत्यक्ष उभा राहिला. या घटकात आपण त्यांचे चरित्र मुख्यतः याच प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत.

४.२ विषयविवेचन

४.२.१ बालपण : आईचा वारसा आणि वडिलांचा कोप

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने ते करडे आणि संशयी होते. आई जानकीबाई मृदू, भाविक आणि कवितेची आवड असलेल्या होत्या. मुलाला कवितेचे पहिले संस्कार आईकडूनच मिळाले.

या घरातील एक प्रसंग टिळकांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. एका फिरत्या ख्रिस्ती पुस्तकविक्याकडून जानकीबाईंनी बायबलमधील नीतिसूत्रांचे एक छोटे पुस्तक घेतले. वडिलांच्या नजरेस ते पडताच त्यांनी ते आगीत टाकले. अर्धवट जळालेली काही पाने वाचली आणि ती लहान नारायणाने जपली. पुढील आयुष्याचे बीज या पानांत शोधण्याचा मोह होतो. अभ्यासकाने मात्र थोडे सावध असावे. त्या वयात मुलाला पुस्तकातील धर्म कळला नसेल. आईच्या हातातील वस्तूवर वडिलांनी केलेला अन्याय मात्र नक्कीच कळला असेल.

वडिलांच्या हातून झालेल्या मारहाणीनंतर जानकीबाई आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. तेव्हा टिळक अकरा–बारा वर्षांचे होते. आईवाचून घर त्यांना घर राहिले नाही. ते बाहेर पडले आणि पायी नाशिकला पोहोचले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. त्यांचे इंग्रजी शिक्षण मात्र अपुरेच राहिले. वक्तृत्व, कीर्तन आणि शीघ्रकवित्व हे गुण मात्र याच काळात फुलले. धर्मशास्त्र जाणणारा पुरुषसुद्धा घरात निर्दय असू शकतो, हा अनुभव त्यांनी बालपणीच घेतला होता. पुढे धर्माची कसोटी आचरणात शोधण्याचा जो आग्रह त्यांच्या लेखनात दिसतो, त्याचे एक मूळ येथे असावे.

४.२.२ विवाह आणि अस्थिर संसार

१८८० च्या सुमारास टिळकांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले कुटुंबातील मनकर्णिका हिच्याशी झाला. वधू अवघी अकरा वर्षांची होती. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली. लक्ष्मीबाईंचे माहेरही कर्मठ होते. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके टोकाचे होते की घरातील माणसांचा जीव मेटाकुटीला येई.

संसाराची सुरुवात सुखाची झाली नाही. टिळक एका ठिकाणी फार काळ टिकत नसत. शिक्षकी, कीर्तने, व्याख्याने, संपादन असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. मनाला येईल तेव्हा ते घर सोडून निघत. हाती आलेला पैसा घरी पोहोचेलच याची खात्री नसे, कारण वाटेत कोणी गरजू भेटला की तो त्याच्या हाती जाई. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ऋषी या मासिकाचे संपादन केले. याच काळात मुले झाली आणि काही दगावलीही. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त टिळक, हा मुलगा जगला.

या अस्थिरतेचा भार लक्ष्मीबाईंवर पडत होता. टिळक रागीट, पण राग क्षणात विसरणारे होते. पत्नीला शिकवण्याची त्यांना हौस होती, पण तिच्या रोजच्या अडचणींचे भान नसे. नीतीवर उत्तम बोलणारा माणूस घरच्या तांदळाची चिंता विसरतो, तेव्हा त्याच्या नीतीत एक उणीव राहते. ही उणीव टिळकांना पुढे उमगली, पण त्यासाठी मोठी किंमत द्यावी लागली.

४.२.३ धर्मविचाराकडून धर्मांतराकडे

ऋषी मासिकाच्या काळात टिळक हिंदू धर्माचा नव्याने विचार करत होते. मूर्तिपूजा, जातिभेद आणि कर्मकांड यांविषयी त्यांचे मन साशंक झाले होते. ईश्वर सर्वांचा पिता असेल तर माणसे परस्परांची भावंडे ठरतात आणि मग जातीला आधार उरत नाही, असा त्यांचा विचार चालला होता. म्हणजे, ख्रिस्ती धर्माची ओळख होण्यापूर्वीच त्यांचे प्रश्न तयार होते.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. संस्कृत कवितेवरून गप्पा सुरू झाल्या आणि त्या धर्मावर आल्या. उतरताना त्याने टिळकांना बायबल दिले आणि ते वाचण्याची विनंती केली. ग्रंथाविषयी फारशी ओढ नसतानाही दिलेल्या शब्दाखातर टिळकांनी वाचन सुरू केले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी ते थांबले. क्षमा, शत्रुप्रेम, अंतःकरणाची शुद्धता या शिकवणुकीत त्यांना आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडली.

पुढची दोन वर्षे द्विधेत गेली. बुद्धीला पटलेले आचरणात आणणे म्हणजे आप्त, जात, उपजीविका आणि पत्नी यांना दुरावणे, हे त्यांना माहीत होते. अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी त्यांना मागाहून कळली.

४.२.४ ताटातूट : घटस्फोट शब्दाचा जुना अर्थ

येथे भाषेच्या अभ्यासकाने एका शब्दाकडे लक्ष द्यावे. आज घटस्फोट म्हणजे कायद्याने विवाह संपवणे. जुन्या धर्मशास्त्रात मात्र हा बहिष्काराचा विधी होता. पतित ठरलेल्या व्यक्तीच्या नावे घट फोडून तिला जिवंतपणी मृत मानले जाई. धर्मांतर करणाऱ्याला समाज याच दृष्टीने पाहत असे. बाटणे, बाटगा हे शब्दही तेच सांगतात. माणसाने काय मानले याला तेथे महत्त्व नव्हते. त्याने काय खाल्ले, कोणाचे पाणी प्यायले याला होते. धर्मांतर हा श्रद्धेतील बदल न मानता विटाळ मानला जात होता, ही गोष्ट शब्दसंग्रहच उघड करतो.

त्यामुळे लक्ष्मीबाईंची अवस्था विलक्षण झाली. पती हयात असूनही समाजाच्या लेखी त्यांचे सौभाग्य संशयास्पद ठरले. लहान दत्तूला घेऊन त्या माहेरच्या आणि बहिणीच्या आधाराने जलालपूर, नाशिक, पंढरपूर येथे राहिल्या. दुःखाने त्यांचे मन काही काळ ढळण्याच्या बेतात आले. याच काळात, अक्षरओळख जेमतेम असताना, त्यांच्या दुःखाने कवितेचे रूप घेतले.

तत्कालीन कायद्याने टिळकांना एक वाट उपलब्ध करून दिली होती. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारला तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयामार्फत विवाहबंधन तोडून घेता येत असे. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. अहमदनगरला मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत अध्यापन करताना त्यांनी पत्रव्यवहार चालू ठेवला, पत्नीवर आपला धर्म लादणार नाही असा विश्वास दिला आणि वाट पाहिली.

या निर्णयाचे महत्त्व दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. सनातनी समाजाच्या मते पतिताशी संबंध ठेवणे पाप होते. दुसरीकडे, उत्साही धर्मप्रचारकाला धर्म न स्वीकारणारी पत्नी हा अडसर वाटण्याचा संभव होता. टिळकांनी दोन्ही भूमिका टाळल्या. विवाहनिष्ठेच्या बाबतीत ते परंपरानिष्ठ राहिले आणि जातीच्या बाबतीत परंपराभंजक झाले. आज या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. टिळकांच्या मते मात्र दोन्हींचे मूळ एकच होते : ईश्वराने जोडलेले माणसाने तोडू नये. हे तत्त्व त्यांनी पतिपत्नींना लावले आणि माणसामाणसांनाही.

अर्थात, चरित्राचा अभ्यास करताना गौरवात वाहून जाऊ नये. वाट पाहण्याचे दुःख दोघांचे असले तरी निर्णय एकाचाच होता. टिळकांना नवा समाज मिळाला, काम मिळाले, मान मिळाला. लक्ष्मीबाईंना मिळाली ती नातेवाइकांची कीव आणि परावलंबन. सद्हेतूने घेतलेल्या निर्णयाचाही भार घरातील दुसऱ्या माणसाला पेलावा लागतो, ही जाणीव या प्रकरणातून आपण घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. टिळकांच्या मनातील धर्मविषयक प्रश्न बायबल वाचण्यापूर्वीच कसे तयार झाले होते?
२. घटस्फोट या शब्दाचा जुना आणि नवा अर्थ सांगा.

४.२.५ पुन्हा एकत्र : पाणी आणि जात

सुमारे चार–पाच वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. पण परतल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक सांभाळला. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी ही व्यवस्था मान्य केली. पत्नीच्या सोवळ्याची थट्टा करणे सोपे होते, परंतु त्यांनी तिला तिच्या गतीने विचार करू दिला.

लक्ष्मीबाईंच्या मनातील बदलाचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. राहुरीच्या वास्तव्यात प्रथम त्यांनी जातिभेद सोडला. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतः विचार केला. जात माणसाने केली आहे हे पटल्यावर त्यांनी इतरांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. ख्रिस्ती श्रद्धा त्यानंतर आली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागोमाग पत्नीचे धर्मांतर, असे या घटनेचे वर्णन करणे अन्यायाचे ठरेल. पतीने पाच वर्षांपूर्वी विचारांनी जो प्रवास केला, तोच पत्नीने चूल आणि पाण्याच्या घड्यापासून सुरुवात करून पूर्ण केला.

महाड परिसरातील विद्यार्थ्यांना पाण्याचा हा संदर्भ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. तेथे सार्वजनिक पाण्यावरील मानवी हक्काचा प्रश्न होता, तर लक्ष्मीबाईंच्या घरात एका उच्चवर्णीय स्त्रीच्या मनातील विटाळाचा. दोन्ही घटनांची व्याप्ती आणि किंमत एकसारखी मानता येणार नाही. तरीही जातीचे सर्वांत घट्ट बंधन पाण्याभोवती होते, ही बाब दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते.

४.२.६ गृहस्थाश्रमाची कविता

संसार पुन्हा उभा राहिल्यावर अहमदनगरचे टिळकांचे घर अनेकांचे आश्रयस्थान झाले. दुष्काळात अनाथ झालेली मुले, विद्यार्थी आणि होतकरू कवी तेथे वावरत. १९०७ मध्ये जळगावला झालेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची प्रतिभा दिसून आली. हेच बालकवी. टिळक दांपत्याने त्यांना आपल्या घरी सांभाळले. बालकवींनी धर्म बदलला नाही आणि या घराने त्यांच्याकडून तशी अपेक्षा धरली नाही.

माझी भार्या, बापाचे अश्रू, सुशीला, वनवासी फूल, केवढे हे क्रौर्य ही टिळकांच्या रचनांची शीर्षके पाहिली तरी त्यांच्या काव्यविश्वाचा केंद्रबिंदू ध्यानात येतो. पत्नी, मूल, फूल, पक्षी अशा घराच्या आणि अंगणाच्या परिघातील विषयांना त्यांनी गंभीर काव्याची प्रतिष्ठा दिली. वात्सल्य आणि दया ही त्यांच्या कवितेतील प्रमुख मूल्ये होत. गृहस्थाश्रम हा ईश्वरभक्तीतील अडथळा नसून तिचे पहिले क्षेत्र आहे, ही त्यांची धारणा होती. बोधाचा सोस काही ठिकाणी कवितेवर मात करतो, हेही मान्य केले पाहिजे.

४.२.७ तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशक म्हणून दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले हे मराठीतील दीर्घायुषी ख्रिस्ती नियतकालिक होय.

त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेवर पाश्चात्त्य चालींचा आणि भाषांतरित गीतांचा प्रभाव होता. टिळकांनी तेथे अभंग, ओवी, भजन, कीर्तन आणले. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. तुकारामांच्या अभंगांतील आर्तता, दैन्यभाव आणि ईश्वराला आई मानणारी जवळीक त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी स्वीकारली. दास या नाममुद्रेने त्यांनी लिहिलेली गीते आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणानंतर ख्रिस्ती आशयाला मराठी काव्यपरंपरेत इतक्या सहजपणे रुजवणारा दुसरा मोठा कवी टिळकच. ख्रिस्तचरित्रावरील ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले, पण ते अपुरे राहिले.

धर्म बदलला म्हणून भाषा, पेहराव, नावे आणि देशप्रेम बदलावे लागत नाही, हे टिळकांचे ठाम मत होते. त्यामुळे परकीय मिशनांच्या पालकत्वाविषयी त्यांना अस्वस्थता वाटू लागली. पगारी धर्मसेवेपेक्षा साधुवृत्तीने सेवा करावी, या विचाराने १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार ही भक्तमंडळी स्थापन केली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. घरात पत्नीच्या बाबतीत पाळलेले तत्त्व टिळकांनी येथे समाजाला लागू केलेले दिसते. श्रद्धेला वेळ द्यावा, तिच्यावर सक्ती करू नये.

दरबाराला फार अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करून अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

४.२.८ उत्तरकथा : लक्ष्मीबाईंची लेखणी

टिळकांचे चरित्र त्यांच्या मृत्यूने संपत नाही. ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. टिळकांनी लिहिलेले सुमारे अकरा अध्याय होते, लक्ष्मीबाईंनी त्यांत ६४ अध्यायांची भर घातली. १९३४ पासून स्मृतिचित्रे हे त्यांचे आत्मचरित्र चार भागांत प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि १९३८ मध्ये ख्रिस्तायन ग्रंथरूपाने आले.

आज टिळकांना आपण ओळखतो ते बऱ्याच अंशी स्मृतिचित्रांमुळे. त्यात टिळक देवमाणूसही दिसतात आणि विसरभोळा, तापट, बेहिशेबी नवराही. लक्ष्मीबाईंनी पतीचे दोष झाकले नाहीत, त्यांचा सूडही घेतला नाही. निर्मळ विनोदाने त्यांनी सारे सांगितले. ज्या निर्णयाच्या वेळी त्यांचे मत विचारले गेले नव्हते, त्याची हकिकत सांगण्याचा अधिकार अखेर त्यांच्याकडेच आला.

४.३ सारांश

ना. वा. टिळकांनी नीती, कुटुंब आणि श्रद्धा यांची फारकत केली नाही. बालपणी त्यांनी शास्त्र जाणणाऱ्या घरातील निर्दयता पाहिली. तरुणपणी स्वतःच्या संसाराकडे दुर्लक्ष केले. १८९५ च्या धर्मांतराने त्यांचे कुटुंब दुभंगले, परंतु कायद्याची सवलत असूनही त्यांनी विवाह तोडला नाही आणि पत्नीवर धर्म लादला नाही. लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने, आधी जात सोडून, मग ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी मराठी संतपरंपरेच्या भाषेत ख्रिस्तभक्ती मांडली आणि अखेरीस मिशनच्या चौकटीबाहेर पडून देवाचा दरबार स्थापला. श्रद्धेसाठी कुटुंबाचा त्याग करणारे अनेक असतात, आणि कुटुंबासाठी श्रद्धा गिळून टाकणारेही. टिळकांनी दोन्ही धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचा अर्धा भार लक्ष्मीबाईंनी उचलला होता, हे विसरून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही.

४.४ शब्दार्थ

बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार.
शुभवर्तमान – येशू ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण सांगणारा बायबलमधील ग्रंथ.
गिरिप्रवचन – येशूने डोंगरावरून केलेला उपदेश.
सोवळे – धार्मिक शुचितेसाठी पाळायचे स्पर्श, वस्त्र व अन्न यांविषयीचे नियम.
नाममुद्रा – रचनेत कवी स्वतःसाठी योजतो ते नाव.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. विवाहनिष्ठेत परंपरानिष्ठ आणि जातिविचारात परंपराभंजक, या दृष्टीने टिळकांच्या जीवनाची चर्चा करा.
२. मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याला टिळकांनी दिलेले योगदान स्पष्ट करा.

आ) टिपा लिहा
१. देवाचा दरबार २. लक्ष्मीबाईंचा विचारप्रवास

इ) उपक्रम
आपल्या घरातील किंवा गावातील एखाद्या वयस्क व्यक्तीला भेटा. सोवळे–ओवळे आणि पाणवठा यांविषयी तिच्या लहानपणी कोणते नियम होते आणि ते केव्हा, कोणी मोडले, याची माहिती घ्या. सांगणाऱ्याचे शब्द शक्यतो तसेच ठेवून एक पानाची नोंद तयार करा.